गुंडा खोत आणि जेटचा वारा

गुंडा खोत हवाई दलात गेला तेव्हा पहिला घोळ झाला तो त्याच्या नावाचा. पलूसच्या अलीकडं बोरमाळ म्हणून गाव आहे, तिथं आजोबाचं गुंडा हे नाव नातवाला ठेवण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण भरतीच्या टेबलामागं बसलेल्या पंजाबी सार्जंटनं कागद वाचला, मान वर केली आणि परत कागद वाचला.

"नाम बताओ," तो म्हणाला.

"गुंडा, साब."

"काम नहीं पूछा, नाम पूछा."

त्या शब्दाचा हिंदीत काय अर्थ होतो हे गुंडाला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यानं छाती पुढं काढून नाव पुन्हा सांगितलं, आणि हा घराण्यातला चौथा गुंडा आहे हेही सांगून टाकलं. टेबलामागचे सगळे हसले. पुढं तळावर त्याला बघायला माणसं मुद्दाम येत. तुरकाटीसारखा बारीक, खाली मान घालून बोलणारा हा गडी दिसला की जरा हिरमुसून परत जात.

काम मात्र त्याला आवडलं. विमान जागेवर आलं की चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, निघताना ओढून काढायचे, पायलटला हातानं खुणा करायच्या, धावपट्टीवरचे खडे वेचायचे, दिवस मावळताना विमानाला ताडपत्री घालायची. बैलाचं करावं तसं तो विमानाचं करी. सुरुवातीची विमानं पंख्याची होती. मग जेट आली. त्यांना समोर पंखा नव्हता. पुढून हवा आत ओढायची आणि मागून तापवून सोडून द्यायची, असला प्रकार. सार्जंटनं सगळ्यांना ओळीत उभं करून बजावलं होतं की या जनावराच्या मागून कुणी जायचं नाही. गुंडानं ते ऐकलं होतं. दुसऱ्यांना सांगितलंही होतं.

एकसष्ट सालच्या मे महिन्यात एका दुपारी जेवणाची वेळ झाली होती. गुंडाच्या खांद्यावर घडी घातलेली ताडपत्री होती, आणि पलीकडच्या छपरात जायला दोन वाटा होत्या. विमानांच्या रांगेला पुढून वळसा घातला तर दोनशे पावलं, मागून गेलं तर पन्नास. रांगेत दोन-तीन इंजिनं चालू होती. त्या आवाजात कुठलं चालू आणि कुठलं बंद, हे कानाला काही कळत नव्हतं. पोटात भूक होती. गुंडा मागून निघाला.

पुढचं त्याला तुकड्या-तुकड्यानं आठवे. रॉकेलच्या वासाचा एक गरम लोंढा कुशीत बसला. खांद्यावरची ताडपत्री फुगली आणि तिनं त्याला उचललं. खालची जमीन भराभरा सरकताना त्यानं बघितली. ती आपल्याखालून का सरकते आहे, हे कळायच्या आत तो कडेच्या गवतात उजव्या खांद्यावर आदळला होता. तीन महिने दवाखान्यात गेले. खांदा जुळला, पण तो हात खांद्याच्या वर जाईना. डाव्या कानात रातकिडा शिरून बसल्यासारखा आवाज राहिला. साहेबांनी चौकशी केली तेव्हा गुंडानं सरळ सांगितलं, "चूक माझीच हुती." पुढच्या साली त्याला घरी पाठवलं.

गावात मोठी पंचाईत झाली. बोरमाळात पलटणीतून परत आलेली माणसं पुष्कळ. नाथाजी हवालदाराच्या मांडीत काश्मीरच्या लढाईतली गोळी लागल्याची खूण होती. कुणी पाव्हणा आला की तो धोतर वर करून ती दाखवी. गुंडालाही पारावर विचारलं, "तुला काय लागलं रं?"

"वारा," गुंडा म्हणाला.

हसून हसून माणसं पारावरून खाली यायची बाकी राहिली. गुंडानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. विमानाचा वारा म्हणजे वावटळ न्हवं, त्यानं मोटारगाडी उलटी हुती, खडं गोळीगत उडत्यात. जितकं समजवावं तितकं हसू वाढे. सगळ्यांत पुढं त्याची चुलती बनाबाई. तिची जीभ म्हणजे कोयत्याची धार. विहिरीवर ती बायकांना सांगे, "आमच्या गुंडाला झुळूक लागली, म्हनून सरकारनं घरी धाडलं बाई." गुंडाची बायको जाईबाई तेवढी हसत नसे. तिनं जेट बघितलं नव्हतं, पण रोज सकाळी तो खांदा तेल लावून चोळताना हाड कसं बसलं आहे ते तिच्या बोटांना कळत होतं.

"आवं, तुमी सांगूच नगा कुनाला," ती म्हणे.

मग गुंडानं सांगायचं सोडून दिलं.

त्रेसष्टात गावच्या माळावर धावपट्टी झाली. उसावर औषध मारणारं एक लहान विमान वर्षातून चार-सहा दिवस यायचं, आणि कधीमधी एखादा मोठा माणूस उतरायचा, एवढंच तिचं काम. मुरूम दाबून वर डांबराचा पातळ हात फिरवलेला. तिथं राखणदार पाहिजे होता आणि हवाई दलातला माणूस गावात एकच होता. गुंडा रोज काठी घेऊन पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, खडे वेचायचा, शेरडं हाकलायचा. औषधाचं विमान आलं की लोकांना पंख्यापासून लांब ठेवायचा. त्यामुळं गावाला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली, की विमानाचं भय पुढच्या बाजूला असतं.

सहासष्ट सालच्या फेब्रुवारीत दुपारी तीनच्या सुमाराला गुंडा कडुलिंबाखाली भाकरी सोडून बसला होता. उजव्या कानानं त्यानं तो आवाज ऐकला आणि घास तसाच ठेवून उठला. दोन शेपटांचं, चंदेरी रंगाचं, हवाई दलाचं शिकाऊ जेट माळावर एक गिरकी घालून पूर्वेकडून खाली आलं. पट्टीवर टेकलं, धावत धावत पश्चिमेच्या टोकाला गेलं आणि शेवटच्या वीस-पंचवीस हातांत थांबलं. गुंडा पळतच होता. त्यानं आधी पुढून वळसा घेतला, इंजिन विझायची वाट पाहिली, मग दोन धोंडे उचलून चाकांना लावले आणि ताठ उभा राहून डाव्या हातानं सलाम केला, कारण उजवा तेवढा वर जात नव्हता.

आतून पंचवीस-सव्वीस वर्षांचा पायलट उतरला. थॉमस त्याचं नाव. वाटेत होकायंत्र बिघडलं होतं, तेल संपत आलं होतं, आणि खाली ही पट्टी दिसली म्हणून तो उतरला होता. त्यानं चाकांचे धोंडे बघितले, मग गुंडाकडं बघितलं.

"एअर फोर्स?"

"सात साल, साब."

"नाम?"

गुंडानं जरा थांबून नुसतं "खोत" एवढंच सांगितलं.

पलूसच्या पोलीस ठाण्यातून निरोप गेला. तेलाची पिंपं आणि इंजिन चालू करायची बॅटरीची ढकलगाडी घेऊन हवाई दलाचा ट्रक यायला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत माळावर जत्रा भरली. विट्याकडून, कुंडलकडून बैलगाड्या आल्या. पेरूवाला आला, भजीवाला आला, फुगेवालाही कुठून उगवला. थॉमससाहेब जाईबाईच्या हातची भाकरी आणि झुणका खाऊन गुंडाच्या ओसरीवर झोपला. गुंडा विमानाभोवती दोरी बांधून राखण करत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला, होकायंत्र दुरुस्त झालं, तेल भरलं. आता उड्डाण. गुंडानं वर बघितलं तर दोन हजार माणूस विमानाच्या बरोबर मागं बसलेलं. त्यात आप्पासाहेबांचा मांडव. आप्पासाहेब म्हणजे तालुक्यातले मोठे बागाईतदार आणि पंचायत समितीचे सभापती. त्यांनी शेपटापासून चाळीस पावलांवर, पट्टीच्या कडेला कापडी मांडव टाकून खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांचा हिशेब साधा होता. पुढं उभं राहिलं तर विमान अंगावर येणार, तेव्हा मागं बसावं.

गुंडा त्यांच्यापुढं गेला. "आप्पासाहेब, हितनं उठाय पायजे. मागं बसू नगा."

"का रं?"

"वारा लागंल."

मांडवात खसखस पिकली. आप्पासाहेब हसले नाहीत, पण त्यांनी विमानाकडं बोट केलं. "गुंडा, त्येला पंखा तरी हाय का? पंखाच न्हाई तर वारा कुठला?"

थॉमससाहेबानं लोक हटल्याशिवाय इंजिन चालू करणार नाही म्हणून सांगितलं. फौजदारानं शिट्टी मारली. चार पोलिसांनी काठ्या आडव्या धरून लोकांना रेटलं. माणसं एका बाजूनं सरकली आणि दुसऱ्या बाजूनं भरली. असं तीनदा झालं. उन्हं चढली. ट्रकबरोबर आलेला सार्जंट घाम पुसत म्हणाला, की विमान उडवायचं कसं ते आपल्याला ठाऊक आहे, ही माणसं कशी उडवायची ते नाही.

शिवाय आणखी एक पेच होता, तो गुंडाच्याच ध्यानात आला. वारा पश्चिमेचा. म्हणजे विमानाला पूर्वेच्या टोकाला जाऊन, तोंड पश्चिमेला करून पळावं लागणार. इथं इंजिन चालू करून ते वळलं की त्याचं शेपूट झाडूसारखं सगळ्या माळावरून फिरणार. कुठलीच बाजू सुटणार नाही.

तो थोडा वेळ जमीन बघत उभा राहिला. पूर्वेच्या टोकामागं ओढा होता. खोल, कोरडा, दोन्ही अंगांना बाभळी. तिथं जत्रा बसायला जागाच नव्हती. विमान तिथवर इंजिन न लावता नेता आलं तर प्रश्नच मिटत होता. तो सार्जंटाशी बोलला. सार्जंटानं डोळे बारीक केले, चाकांकडं बघितलं, आणि बघता बघता हसायला लागला. मग गुंडा परत मांडवात गेला.

"आप्पासाहेब, तुमची खिलारं कुठं हायती?"

"गाड्यांना जुपलेली. का?"

"इमान वढाय पायजेल. ट्रकचा क्लच निम्म्या वाटंवरच बोलाय लागलाय म्हनं. लोकांनी रेटलं तर तिरपं जाईल. तुमच्या चार बैलांनी नेलं तर सरळ जाईल."

आप्पासाहेबांनी गाड्यांकडं बघितलं. त्यांची जतच्या बाजारातून आणलेली चार खिलारं, पांढरीशुभ्र, शिंगं भाल्यागत. त्यांच्यावर त्यांचा पोटच्या पोरांपेक्षा जीव. ते उठले, मुंडासं सारखं केलं आणि म्हणाले, "मी सोता कासरा धरनार."

माणसांनी विमान जागेवरच फिरवून त्याचं तोंड पूर्वेला केलं आणि मोटेचे दोन जाड नाडे आणले. सार्जंटानं ते चाकांच्या दांड्यांना नीट बांधून घेतले, पायलट आत ब्रेकवर बसला, आणि आप्पासाहेबांनी जिभेनं टक् केलं. बैलांनी मान घातली. विमान आधी हललं नाही. मग जरासं हललं, आणि मग नवी नवरी उंबरा ओलांडून निघावी तसं हळूच निघालं. माळावर एकच गलका उठला. कुणीतरी हलगी आणली. मांडव, खुर्च्या, भजीची कढई सगळं तिथंच सोडून दोन हजार माणूस विमानाच्या दोन्ही अंगांनी चालू लागलं. ज्या लोकांना पोलिसांच्या काठ्या हलवू शकल्या नव्हत्या ते आपल्या पायांनी नाचत निघाले. गुंडा पुढं राहून वाटेतले खडे पायानं बाजूला करत होता. पाऊण मैलाला तास गेला. मध्ये दोनदा बैलांना पाणी दाखवलं.

ओढ्याच्या टोकाला विमान वळवून शेपूट बाभळींकडं केलं. बैल सोडून लांब नेले, आवाजानं बुजतील म्हणून. लोकांना उत्तरेच्या बांधावर बसवलं. ओढ्यातून वर येणाऱ्या पायवाटेवर गुंडानं एक माणूस उभा केला आणि त्याला दोनदा बजावलं, की कुणाला वर येऊ द्यायचं नाही. मग तो पायलटच्या डाव्या अंगाला, पुढं, जिथून त्याचं तोंड दिसेल तिथं जाऊन उभा राहिला. पाच वर्षांनी तो पुन्हा त्या जागी उभा होता. त्याला बरं वाटत होतं.

बॅटरीची गाडी जोडली. आत घरघर झाली, मग बारीक शीळ, मग ती शीळ वाढत वाढत कान फाडणारी झाली. बांधावरची माणसं कान धरून खाली बसली. मागच्या बाभळी वाकल्या. गाडी काढून सार्जंट लांब गेला. थॉमससाहेबानं अंगठा दाखवला आणि इंजिनाचा जोर वाढवायला सुरुवात केली.

तेवढ्यात गुंडाला शेपटांच्या मधून, ओढ्याच्या काठावर, काहीतरी हिरवं हलताना दिसलं. उसाच्या वाड्याचा, हिरव्या शेंड्यांचा भारा, जनावरांसाठी नेतात तसला. भारा आधी दिसला, मग त्याखालची बनाबाई. वाटेवरचा माणूस विमान नीट दिसावं म्हणून वर बांधावर जाऊन बसला होता. बनाबाईनं डोक्यावरच्या ओझ्यानं मान खाली घातली होती. आवाज तर सगळीकडूनच येत होता. ती आपल्या नेहमीच्या वाटेनं घराकडं निघाली होती.

थांबायची खूण एकच असते. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची. गुंडाचा डावा हात गेला. उजवा खांद्याशी अडला. त्यानं दात आवळून तो वर रेटला, आत काहीतरी कटकन तुटल्यासारखं झालं, डोळ्यांपुढं अंधारी आली, पण फुली झाली. ती फुली त्यानं तशीच धरून ठेवली.

साहेबानं तत्काळ जोर काढला. पण जेटचा वारा दिव्यासारखा फुंकरीनं विझत नाही. बनाबाईच्या डोक्यावरचा भारा सुटला. त्याचा बंद तुटला, आणि वाड्याच्या शंभर हिरव्या पाती एकदम उठून काही बाभळींवर अडकल्या, काही पलीकडं गेल्या. बनाबाई दोन पावलं मागं गेली आणि फतकल मारून खाली बसली. साहेबानं इंजिन बंद केलं.

गुंडा पळाला. जवळची वाट मागून होती, तरी तो पुढून मोठा वळसा घेऊनच पळाला.

"काकी, लागलं का?"

बनाबाईनं डोकं चाचपलं. "माझा भारा कुठाय रं?"

गुंडानं बाभळींवर लटकलेल्या पाती दाखवल्या.

"कुनी फेकला?"

"वाऱ्यानं."

तिनं त्याच्याकडं बघितलं. उजवा हात डाव्या हातानं छातीशी धरून तो उभा होता, आणि ओठ पांढरे पडले होते. बनाबाईनं तोंडातली माती थुंकली.

"तू ह्येच्या किती जवळ हुतास?"

"तीस पावलं आसंल. आन् सगळा जोर लावलेला."

"मग जिता कसा ऱ्हायलास रं?"

"ताडपत्रीनं लांब नेऊन गवतात टाकलं."

बनाबाई त्याच्या चांगल्या हाताला धरून उठली, लुगडं झटकलं, आणि बांधावर बसलेल्या माणसांकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "बसलाय काय बगत? त्येचा हात बगा कुनीतरी."

सगळ्यांत आधी उठला तो नाथाजी हवालदार. त्यानं आपलं उपरणं सोडून गुंडाचा हात गळ्यात बांधला. पलटणीत शिकलेली गाठ होती, अगदी घट्ट. "दुकतंय का?" त्यानं विचारलं. गुंडानं मान हलवली. नाथाजी त्याच्याशेजारी उभा राहिला आणि विमान जाईस्तोवर हलला नाही.

अर्ध्या तासानं जेट गेलं. या वेळी पायवाटेवर फौजदार स्वतः उभा होता. गुंडानं डाव्या हातानंच खूण केली, पायलटनं काचेतून सलाम केला, आणि मागं धुळीचा आणि पाल्याचा एवढा लोट उठला की ओढ्याचा पलीकडचा काठ दिसेना. विमान पट्टीच्या निम्म्यातच उचललं आणि साताऱ्याच्या बाजूला लहान होत गेलं. आप्पासाहेब लांबवर आपल्या बैलांच्या माना चोळत उभे होते. त्यांनी विमानाकडं नाही, त्या लोटाकडं बघितलं, मग पाऊण मैलावरच्या आपल्या मांडवाकडं बघितलं, आणि गुंडाला म्हणाले, "बरं केलंस."

खांदा मिरजेच्या दवाखान्यात पुन्हा बांधावा लागला. सहा आठवड्यांनी पट्टी निघाली तेव्हा गंमत झाली. जुन्या हाडाला घट्ट चिकटलेलं काहीतरी सुटलं होतं, आणि हात आधीपेक्षा चार बोटं वर जायला लागला. जाईबाईनं तेल लावताना ते पहिल्यांदा बघितलं आणि त्याला तीनदा हात वर करायला लावला.

मधल्या काळात गाव ओढ्यावर जाऊन यायचं. काठचं गवत करपलं होतं, दोन बाभळी एका अंगानं वाळल्या होत्या. लोकांनी विमान जिथं उभं होतं तिथं खूण केली आणि वाड्याची शेवटची पात जिथं सापडली तिथवर पावलं मोजली. ब्याण्णव भरली. आप्पासाहेबांनी ओढ्याच्या वाटेला काटेरी कुंपण आणि एक फाटक करून दिलं, आणि त्याची किल्ली गुंडाकडं आली.

एप्रिलमध्ये औषध मारणारं ते लहान विमान आलं. गुंडा काठी घेऊन लोकांना हटवायला निघाला, तर माणसं आधीच आपापली उठून मागं जात होती. नाथाजी हवालदार पुढं राहून पावलं मोजत होता, आणि बनाबाई त्याच्यामागून बायकांना रांगेत घेऊन चालली होती. ब्याण्णव पावलांवर जाऊन सगळी बसली. त्या पंख्याच्या विमानाला एवढ्या लांब बसायची काहीच गरज नव्हती. गुंडानं ते कुणाला सांगितलं नाही. तो पुढं गेला आणि त्यानं चाकाचे ठोकळे ओढून काढले.